शंभरातले आठ कण

काचेच्या बाटल्यांतून पाणी विकणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. कारखाना तिच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून उभा केला होता. नवरा गेला, कारभार दिराकडे आला, आणि मागच्या अंगाची प्रयोगशाळा वहिनीकडेच राहिली. घरात रसायनशास्त्र शिकलेलं दुसरं कोणी नव्हतंच.

पाण्यात प्लास्टिकचे कण आहेत, हे तिनेच शोधून काढलं. काही विहिरीतूनच यायचे, बरेचसे कारखान्याच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि नळ्या झिजून पडायचे. रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की लख्ख चमकायचे, पण इतके बारीक की कुठल्याही गाळणीला दाद देत नसत. मग वहिनी द्रावकाच्या खनपटीला बसली. पाण्यात मिसळणार नाही, पण प्लास्टिकला आपल्याकडे ओढून घेईल, असं तेल तिला हवं होतं. पावणेदोन वर्षांत अकरा मिश्रणं मोरीत गेली. एकाने तर पाण्याचं पार ताक करून टाकलं. बाराव्या खेपेला तिने पुदिन्याचं सत्त्व आणि खोबरेलातून काढलेलं एक मेणचट आम्ल एकत्र कोमट केलं. दोन्ही पांढरे, घट्ट पदार्थ बघता बघता वितळले आणि गार झाल्यावरही पातळच राहिले. ते तेल तिने पाण्यात घुसळलं, निवू दिलं. तेल वर आलं ते कण पोटात घेऊनच. खालचं पाणी कोळशातून गाळून तिने पाहिलं, तर आधी शंभर ठिपके दिसायचे तिथे आता आठ होते. वहिनी स्टुलावर बसली आणि एकटीच हसली.

दिराला मात्र हसू आलं नाही. "वहिनी, काढलं म्हणून सांगायचं म्हणजे आधी होतं हे कबूल करायचं," तो म्हणाला. "इतकी वर्षं आम्हाला काय पाजलंत, असं विचारतील लोक."

"विचारू देत की. मीही तेच विचारतेय."

दुसऱ्या दिवशी द्रावकाच्या कपाटाला कुलूप लागलं आणि दिराने नोंदींची वही मागितली. वहिनीने ती पदराआड धरली आणि शांतपणे सांगितलं, "वही मिळणार नाही, भाऊजी. आणि कुलूपच लावायचं असेल तर मला आत ठेवून खोलीला लावा."

तो पाय आपटत गेला. वहिनीने कारखान्याच्या फिटरला बोलावलं. कुलपाला हात लावायचा नाही, एवढंच तिने बजावलं. फिटरने मान डोलावली आणि कपाटाचं दारच बिजागऱ्यांतून उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं.

त्याच आठवड्यात मुलांच्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कारखाना पाहायला आल्या. पाणी तिथे इथूनच जायचं. दिराने त्यांना सगळं दाखवलं, फक्त प्रयोगशाळा वगळली. तेव्हा वहिनीच सूक्ष्मदर्शक ढकलगाडीवर घालून त्याच्या खोलीत आली. डॉक्टरीणबाईंनी आधी एक नमुना पाहिला, मग दुसरा, आणि परत पहिला.

"हा पहिला आमच्याकडे येतो?" त्यांनी विचारलं.

"हो. आज सकाळच्या बाटलीतला आहे," वहिनी म्हणाली. "दुसरा मला पाठवायचाय, पण पाठवू देत नाहीत."

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीने साफ केलेलं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत इस्पितळाने पाणी घेणं थांबवलं. एक यंत्र बंद पडलं, बाटल्या भरणाऱ्या बायकांनी वहिनीशी बोलणं सोडलं. जाऊबाईंनी तोंडावर सुनावलं की तुमच्या खरेपणापायी घर बुडायचं. वहिनी ऐकून घ्यायची. पण सकाळी आठला ती प्रयोगशाळेत हजर असायचीच. फिटरने तिच्यासाठी जुन्या पिंपाला खालून तोटी बसवली, म्हणजे तेल वरच राहील आणि पाणी तेवढं उतरवून घेता येईल.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. शंभरातले ब्याण्णव कण निघून गेले होते आणि तेलाचा अंशही पाण्यात उरला नव्हता. इस्पितळाचं पाणी पुन्हा सुरू झालं, आता वहिनीच्या तेलाने साफ केलेलं. भरणाऱ्या बायकांपैकी एकीने वहिनीच्या टेबलावर चहा आणून ठेवला.

चार दिवसांनी दीर नव्या लेबलाचा नमुना घेऊन आला, चेहरा उजळलेला. हिरव्या ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संपूर्ण प्लास्टिकमुक्त'. वहिनीने पेन काढून त्यावर आडवी रेघ मारली.

"आठ राहतात, भाऊजी."

"आठ कोण मोजत बसणार आहे?"

"मी."

दोन दिवस त्याने हरतऱ्हेने समजावलं, चिडला, अबोला धरला. शेवटी त्याने हात टेकले आणि वहिनीने लिहून दिलं तसंच छापून आणलं, शंभरातले ब्याण्णव कण काढलेले, आठ अजून आहेत. पण अक्षरं मुंगीएवढी होती. वहिनीने चष्मा लावून ती वाचायचा प्रयत्न केला, मग लेबलांचा अख्खा गठ्ठा सुतळीने बांधला आणि छापखान्यात परत पाठवून दिला.