खोबरेलातला नळा

मी शाळेच्या छपरावरचा नळा बोलतोय. घाटावर मला कौल म्हणतात. पण छपरावर शोधू नका, आता मी कागदावर असतो, शाई होऊन.

२००६ च्या मे महिन्यात शिरोड्याजवळच्या आमच्या शाळेवर स्लॅब घालायचं ठरलं आणि आम्हाला खाली उतरवलं. बाकीचे नळे रस्त्याच्या खड्ड्यांत गेले. मला आणि आणखी चौघांना चित्रकलेच्या जानकीबाईंनी उचललं, फोडलं आणि पाट्यावर घेतलं. वरवंटा अंगावर आला तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला सांगू?

आमच्या लाल पुडीची शाई करून बाईंना होडीचा लाकडी ठसा छापायचा होता. वेंगुर्ल्याच्या प्रदर्शनात चित्र लागलं तर चित्रकलेची खोली राहणार, नाहीतर तिथे संगणक येणार, असं हेडमास्तर दत्ताराम सरांनी बजावलं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं, पूड तेलात खलावी. कुठलं तेल, ते बाईंनी वाचलंच नाही. आमच्याकडे तेल म्हणजे खोबरेल, त्यात वाचायचं काय? करवंटीच्या पाठीने घासून त्यांनी चाळीस कागद छापले आणि दोरीवर टांगले.

आठ दिवस झाले तरी मी ओलाच. मला तर मजा वाटत होती, जो जवळ येईल त्याला थोडा चिकटायचो. एका सोमवारी दत्ताराम सर पांढऱ्या शर्टात दोरीखालून वाकून गेले आणि पाठीवर लाल होडी घेऊन थेट मासळीबाजारात पोचले. आज जाळं कुठे टाकणार, असं मासेवाल्या बायकांनी त्यांना विचारलं म्हणे.

सर परतले ते फणफणतच. प्रदर्शनाला चार दिवस होते. खोली रिकामी करा, म्हणाले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेव्हा माझी मस्ती जिरली. मला फार वाईट वाटलं.

बाकं दुरुस्त करायला आलेल्या हरिश्चंद्र सुताराने कागदाला बोट लावलं आणि त्या बोटाचा वास घेतला.

"बाय, खोबरेल जल्मात सुकाचा नाय. अळशीचा तेल व्हया."

पॉलिशसाठी आणलेली बाटलीच त्याने पुढे केली. पण पूड संपली होती. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझा एक तुकडा सरकवलेला होता, तो बाईंनी ओढून काढला आणि पाट्यावर वाटला. त्यात जेमतेम एक कागद झाला. तिसऱ्या दिवशी मी सुकलो. शहाण्यासारखं वागायची माझी ती पहिलीच वेळ.

वेंगुर्ल्यात मी भिंतीवर लागलो. संग्रहालयाचे मोठे पाहुणे आले होते, ते खूश झाले, हे चित्र आमच्या संग्रहाला द्या म्हणाले. काचेची चौकटही देणार होते. दत्ताराम सर अशा ठिकाणी नेहमी शुद्ध मराठीत बोलायचे. त्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवून काखेत घेतलं.

"नाय हां. ह्यो आमच्या शाळेचो नळो. ह्येच्याखाली मी शिकलंय. ह्यो बाईंच्या खोलयेत रवतलो."

खोली राहिली. संगणक ग्रंथालयात बसले. चार वर्षं झाली, मी बाईंच्या खिडकीशेजारी आहे. येणारा प्रत्येकजण बोट लावून बघतो, तुम्हीही बघा. फक्त एक सांभाळा. शाळेत असताना आंबे पाडायच्या नादात दत्ताराम सरांनी माझ्या शेजारचे सात नळे फोडले होते. कोणी फोडले ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मीही सांगितलं नसतं, पण बोलता बोलता निसटलं. तुम्ही तेवढं पोटात ठेवा, माणूस माझ्या घरचा आहे.