चौथं गाव

"चारच, बाबा. पाचवं गाव बसत नाई," दिव्यानी फोनमधून म्हणाली. "भाड्याची गाडी पाचच दिवस हाये, आन् चालवणारी मी एकटी."

खुशालभाऊंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पुढ्यात वही उघडी होती. मीराबाई शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या, पण त्यांचे डोळे फोनवरच होते.

दिव्यानी लाइपझिगच्या एका इस्पितळात नर्स होती. दोन वर्षांत तिनं तिथली भाषा शिकली, मागच्या महिन्यात गाडीचा परवानाही काढला. सप्टेंबरात आईबाबांना बोलावून जर्मनीतली जुनी, छोटी गावं मोटारीनं दाखवायची, असं तिनं ठरवलं. छोटी गावंच हवीत, ही अट मीराबाईंची. "मोठं शयर म्हंजे नागपूर. ते पाह्यलं मी," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

दिव्यानीनं अकरा गावांची यादी फोटोंसकट पाठवली होती. आठ दिवस दुपारची जेवणं झाली की नवरा-बायको तीच घेऊन बसत. खुशालभाऊ प्रत्येक गावाचं नाव वहीत लिहीत, पुढे अंतर आणि पायऱ्या किती, ते. मीराबाईंचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते.

रोथेनबुर्गचा दरवाजा पाहून मीराबाई हसल्या होत्या. "हे तं आपल्या चंद्रपुरातलं जटपुरा गेट होय. एवढ्या दूर जाऊन गेटच पाहाचं काय?"

"आई, इथी भिंतीवरून चालता येते. वरून सारं गाव दिसते."

"मंग लिव्हा जी."

क्वेडलिनबुर्गची तिरकी झालेली लाकडी घरं खुशालभाऊंना आवडली. कोणतं लाकूड, ते त्यांनी विचारून घेतलं. ओक, असं कळल्यावर म्हणाले, "सागवान असतं तं वाकलं नसतं." नदीच्या मधोमध कचेरी बांधलेलं बामबेर्ग दोघांनाही पसंत पडलं. चौथं माइसन. तिथे तीनशे वर्षांपासून चिनी मातीच्या कपबशा बनतात, आणि त्यांचे फोटो मीराबाईंनी शेजारच्या रंजीतालाही दाखवून झाले होते.

"मंग माइसन पक्कं ना?" दिव्यानीनं विचारलं.

खुशालभाऊंनी चष्मा काढला. "चौथं मी बोर्ना लिव्हलं."

"बोर्ना? बाबा, ते माझ्या यादीत बी नाई. इथून अर्ध्या तासावर हाये. तिथी फिरायले कोनी जात नाई."

"जुनं नाई काय ते?"

"जुनं हाये. पण तिथी पाहाचं काय?"

"एक चर्च हाये. लहानसं, दगडाचं. साडेसातशे वर्साचं." खुशालभाऊ थांबले. "ते त्या गावचं नोहे. दुसऱ्या गावचं होय. त्या गावाखाली कोळसा निंघाला."

मीराबाईंचा हात सुपातच राहिला.

खुशालभाऊंनी त्या चर्चचा व्हिडिओ असाच, गावं शोधता शोधता पाहिला होता. कोळशासाठी गाव उठलं, पण लोकांनी आणि खाणवाल्यांनी मिळून चर्च वाचवलं. अख्खं चर्च पट्ट्यांनी आवळून असंख्य चाकांच्या गाडीवर चढवलं आणि बारा किलोमीटरवरच्या बोर्न्यात नेलं. आठ-नऊ दिवस लागले. खुशालभाऊंनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, याची मोजदाद नव्हती.

"खदानीत माह्या डंपरात साठ टन भरे," ते म्हणाले. "ती गाडी पाह्य तू. पुलावरून नेली, वळणावरून नेली, एक गोटा नाई पडला. ज्यानं चालवली, त्याचा हात कसा असन! मले ते चर्च पाहाचं हाये."

त्यांचं स्वतःचं गाव, मोहबोडी, असंच कोळशाच्या खाणीत गेलं होतं. गाव उठलं तेव्हा दिव्यानी सात वर्षांची होती. शेताच्या बदल्यात बाबांना खाणीत नोकरी लागली आणि सगळे या नव्या वस्तीत आले, एवढंच तिला ठाऊक होतं.

"आपला विहार बी आनता आला असता, असं वाटते काय तुमाले?" तिनं हळूच विचारलं.

"तवा कोनाच्या डोस्क्यात आलं? बुद्धाची मूर्ती बैलबंडीत आनली. मी मांडीवर धरून बसलो होतो. भिंती राह्यल्या तिथीच." खुशालभाऊंनी वहीचं पान उगाच सारखं केलं. मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "तीन वर्सानं खदान तिथवर आली. माहीच ड्युटी लागली. आपल्या गावची माती म्याच वाह्यली. पंधरा दिवस. तुमाले कोनाले सांगलं नाई."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल थांबली, पुन्हा सुरू झाली.

"मले मालूम होतं," मीराबाई म्हणाल्या.

खुशालभाऊंनी मान वर केली. "कोनं सांगलं?"

"कोनी नाई. पंधरा दिवस डबा तसाच वापस येत होता. तुमच्या बुटाची माती मी झाडत होती ना. ते काळी नोहती, पिवळी होती. आपल्या अंगनातली मी वळखत नाई काय?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलले नाई, मी बी नाई बोलली. नोकरी तं कराचीच होती." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "दिव्यानी, माइसन खोड. कपबशा चंद्रपुरात बी भेटते."

"आई, तुले तेच पायजे होतं ना?"

"आता हे पायजे. लिव्ह बोर्ना."

दिव्यानीनं लिहिलं. खुशालभाऊ उठून आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि त्यांनी विचारलं ते एवढंच, "बोर्न्यात पायऱ्या किती हायेत?"

"नाई, बाबा. सपाट हाये." मग दिव्यानी म्हणाली, "पण तिथी कोनी विचारलं, तुमचं गाव कुठी होतं, तं मी काय सांगू? नकाशात तं नावच नाई. मले एकदा दाखवून द्या."

रविवारी सकाळी तिची सुट्टी होती. खुशालभाऊंनी स्कूटर काढली, मीराबाईंनी धुतलेलं पातळ नेसलं. बंद पडलेली ती खाण वस्तीपासून सहा किलोमीटरवर होती. तारेच्या कुंपणाशी दोघं उभी राहिली. खाली खड्डाभर हिरवं, स्वच्छ पाणी साचलं होतं. त्यात पाणकावळे बुड्या मारत होते.

खुशालभाऊंनी दिव्यानीला व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला. "हे पाह्य. तो उतार दिसते ना, त्याच्या खालतं आपला विहार. अन् इकडं आपलं घर."

"इकडं कुठी? तिकडं," मीराबाई म्हणाल्या.

"अवो, मी इथी अठरा वर्सं गाडी चालवली."

"तुमी खदानीचा रस्ता धरून सांगून राह्यले. मी गावचा धरून सांगतो. सरका."

खुशालभाऊ हसले आणि बाजूला झाले. मीराबाईंनी कुंपणाच्या तारेवर डावा हात टेकवला, उजव्या हाताचं बोट पाण्याकडे केलं.

"हे लच्छूबाईचं घर. त्याच्या बाजूनं बापूरावचं, दोन दारायचं. मंग पान्याची हीर."

"सावकाश, आई. मी लिहून घेऊन राह्यली."

"लिव्ह. मी थांबतो."

दिव्यानी 'हं' म्हणेपर्यंत त्या थांबल्या, मग पुढचं नाव सांगितलं. खुशालभाऊ त्यांच्या बोटामागून फोन फिरवत राहिले. बोट पाण्यावरून घराघरानं सरकत गेलं. गल्ली जिथे वळायची तिथे तेही वळलं, आणि पुढे निघालं.