तिसऱ्या कपापर्यंत

माझा नवरा तेकले फेब्रुवारीत गेला. आमच्या एरिट्रियात माणूस गेलं की घर कितीतरी दिवस माणसांनी भरलेलं असतं. इथे परदेशात, ब्रायर क्रॉसिंगसारख्या छोट्या गावात, आमची चारच घरं, आणि सगळे मांसाच्या कारखान्यात पाळ्यांवर. शिवाय कमरेइतका बर्फ. लोक येऊन गेले, पण बसलं कुणी नाही. त्यांना तरी काय बोल लावणार?

मे महिन्यात नगरसेविका डोरीन याकिमचुक वही घेऊन दारात आली.

"लेते, दरवर्षी मेळाव्याला नगरपालिका सगळ्या देशांचे झेंडे लावते, लोक चार घास खातात आणि घरी जातात. शेजारी कोण राहतं ते कुणाला कळत नाही. म्हणून यंदा आधी घरोघरी विचारायचं ठरवलंय. तुला काय करावंसं वाटतं?"

"लोकांनी बसावं असं वाटतं."

"म्हणजे?"

"मी कॉफी करीन. आमच्यात एका बैठकीत तीनदा देतात. तिसरा कप होईपर्यंत उठायचं नाही. दीड तास लागतो."

डोरीन हसायलाच लागली. "दीड तास! आमचे नगराध्यक्ष सभेतसुद्धा दहा मिनिटं टिकत नाहीत गं!"

पण तिनं लिहून घेतलं आणि मंजूरही करून आणलं.

जूनमधल्या एका शनिवारी सभागृहातली टेबलं हलवून खुर्च्या गोल मांडल्या. मी शेगडीवर कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. धुरानं आगीचा भोंगा वाजू नये म्हणून तिथला नगरपालिकेचा राखणदार गॉर्डी यानं तो बंद केला आणि पाण्याची बादली घेऊन माझ्याशेजारी बसला.

"काही पेटलं तर आधी तुझ्यावर ओततो हं," म्हणाला.

पहिला कप होताच नगराध्यक्ष हॅरोल्ड फोन कानाला लावून निघाले.

"बसा खाली!" डोरीन ओरडली. ते मुकाट्यानं बसले.

दुसरा कप देताना समोरच्या गल्लीतल्या ओल्सन आजींनी माझा हात धरला. "तो लाल टोपीवाला तुझाच नवरा ना? तीन हिवाळे माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा तो, पहाटे कामावर जाताना. मला वाटायचं नगरपालिकेनंच पाठवलाय. आभाराचा फोनसुद्धा केला होता मी!"

"तो मीच घेतला होता," गॉर्डी म्हणाला. "आणि आमचं कामच आहे ते, असं सांगून मोकळा झालो!"

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. तेकले मला कधी बोलला नव्हता हे. गॉर्डीनं माझ्या हातातलं कॉफीचं भांडं अलगद काढून घेतलं. मग एकेक जण त्याच्याबद्दल बोलू लागला. कारखान्यातल्यांनी त्याच्या नकला केल्या. हॅरोल्डनी फोन खिशात टाकला तो टाकलाच.

तिसरा कप आशीर्वादाचा. तो आशीर्वाद वडीलधाऱ्यांनी द्यायचा. मी ओल्सन आजींकडे पाहिलं.

"मला कुठे येतं तुमच्यातलं?" त्या म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आम्हाला बसवून घेतलंस, पोरी. देव तुझं भलं करो."

निघताना मी डोरीनला घट्ट मिठी मारली. चार महिने उशिरा का होईना, तेकलेसाठी माणसं जमली होती.

आता नगरपालिका दर महिन्याला सभागृह उघडून देते. सप्टेंबरात फिलिपिनो कुटुंबांची पाळी होती. मी पाहुणी म्हणून नटूनथटून गेले, तर त्यांनी माझ्यापुढे सुरी आणि गाजरांचा ढीग ठेवला. "आमच्यात नुसतं बसत नाहीत, लेतेताई," त्यातली मारिसेल म्हणाली, "चिरायला घ्या."