दहा मिनिटांची मुदत

आमच्या कंपनीची चपलाबुटांची नऊ दुकानं आहेत. त्या सगळ्या दुकानांत गिऱ्हाइकांसाठी फुकट वायफाय बसवायचं काम माझ्याकडे आलं. फुकट आपलं म्हणायला. आधी नाव टाका, मोबाइल नंबर टाका, मग मेसेजवर कोड येणार, तो एका मिनिटात भरलात तर नेट सुरू. हे नंबर हवे होते जाहिरात खात्याच्या साहेबांना. एका दुकानात सेटिंग करा आणि तीच जशीच्या तशी बाकी आठांत उतरवा, असा त्यांचा हुकूम. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात.

त्यातलं एक दुकान तळघरात आहे. तिथे मोबाइलला काडीची रेंज नाही. रेंज नाही म्हणून लोक वायफाय मागणार, वायफायला कोड लागणार आणि कोड यायला रेंज लागणार! मी हे साहेबांना लेखी कळवलं. "सगळीकडे एकसारखंच हवं," एवढंच उत्तर आलं.

तळघरातल्या दुकानाची इन्चार्ज माझी सख्खी वहिनी. बुटांची खोकी उचलण्यापासून सुरुवात करून ती त्या खुर्चीपर्यंत पोचली होती. पहिल्या महिन्यात बाकीच्या दुकानांत नोंदणीचा पाऊस आणि हिच्याकडे शून्य. साहेबांनी मीटिंगमध्ये वहिनीला सगळ्यांसमोर सुनावलं, "पुढच्या महिन्यातही हेच दिसलं तर इन्चार्ज बदलू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि पुढच्या महिन्यात तिच्याकडे नोंदणी व्हायला लागली. हे शक्यच नव्हतं, म्हणून मी बघायला गेले.

गिऱ्हाईक स्टुलावर बसून बूट घालून बघत होतं आणि वहिनी त्याचा फोन हातात धरून जिना चढत होती. वर रस्त्यावर रेंज, पण वायफाय फक्त खाली. तिथे कोड आला की तो पुटपुटत खाली धावायचं आणि मिनिट संपायच्या आत भरायचा. नाही जमलं तर पुन्हा वर. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"वहिनी, अगं हे काय चाललंय?"

"नोंदणी," ती धापा टाकत म्हणाली.

"आणि तो गुडघा?"

"गुडघा घरचा आहे गं, कुठे जात नाही. खुर्ची कंपनीची आहे. आणि तुझ्या दादाला यातलं काही बोलू नकोस."

मी तशीच उठून हेड ऑफिसला गेले. साहेबांना सगळं सांगितलं, जरा आवाज चढवूनच. तळघरात कोडची अट काढून टाका, एवढीच मागणी. नवल म्हणजे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "अरेरे, बिचाऱ्या बाई! आजच काहीतरी करतो," म्हणाले. मलाच वाटलं, आपण उगाच या माणसाला शिव्या घालत होतो.

संध्याकाळी मी तळघरात असतानाच मेल आला. कोडची अट कायम. फक्त 'तळघर शाखेपुरती कोडची मुदत दहा मिनिटं करावी, म्हणजे कर्मचाऱ्यांना जिना चढण्या-उतरण्यास पुरेसा वेळ मिळेल.' खाली वहिनीच्या जिद्दीचं कौतुक. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! आणि ते औषध पाजायचं मी, कारण सेटिंग माझ्याच हातात.

"मी हे करणार नाही," मी म्हटलं.

वहिनीने माझ्या खांद्यावरून मेल वाचला आणि तिचा चेहरा फुलला.

"दहा मिनिटं? बघ, तू बोललीस म्हणून झालं! साहेब मनाने वाईट नाहीत गं. आता मध्ये पायरीवर जरा टेकता तरी येईल."

संतापाने मला रडूच कोसळायचं बाकी होतं. कुणावर ओरडायचं, तेही कळेना.

"अगं, टाक ना लवकर," ती म्हणाली. "ते बघ, गिऱ्हाईक आलं."

मी दहा टाकले. तिने गिऱ्हाइकाचा फोन घेतला आणि कठडा धरून, सावकाश, वर निघाली.