रेलिनच्या गळ्यातली पाटी

रेलिनला कोरियन मालिका आवडत नसत, आणि ही गोष्ट तिनं दहावीच्या वर्गात लपवली नव्हती. बाकीच्या मुली सकाळी शाळेत आल्या की आदल्या रात्री पाहिलेल्या भागावर तुटून पडत. कोण कुणासाठी रडलं, कुणाचा कोट कसा होता. रेलिन ऐकून घेई आणि जांभई देई. तिचा जीव रेडिओवरच्या मालिकेत अडकलेला असे. रोज दुपारी साडेबाराला इलोंगोत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत, लागणारी, विहिरीत बुडालेल्या बाईची मालिका. बाई मेली होती की नाही हे तीन महिने झाले तरी कुणाला कळलं नव्हतं.

‘ते मासे चिरणाऱ्या बायका ऐकतात,’ वर्गाची प्रमुख ट्रिशा एकदा म्हणाली होती.

‘हो. माझी आई मासेच चिरते,’ रेलिन म्हणाली होती, आणि विषय तिथंच संपला होता.

खरंच होतं ते. तिची आई, जिला ती नानाय म्हणे, धक्क्यामागच्या वाळवणावर काम करायची. तिथं वीस-बावीस बायका ओळीनं बसून मासे उभे चिरत, मिठात घालत आणि मध्ये खांबाला टांगलेला रेडिओ दिवसभर चालू असे. रेलिन त्याच आवाजात वाढली. खलनायक खाकरला की बायकांच्या सुऱ्या थांबायच्या, हे तिनं चौथ्या वर्षापासून पाहिलं होतं. शाळेत मोबाइलला बंदी होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती भात आणि सुक्या मासळीचा डबा घेऊन फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या, मानोंग एर्निंगच्या, खोपटात जाऊन बसे. त्याच्याकडे साबणाच्या वडीएवढा रेडिओ होता. भाग संपला की ती परत येऊन जिन्याच्या पायऱ्यांवर तो मैत्रिणीला, जेसेलला, सांगे. रेलिन सांगायला लागली की विहिरीचं पाणी ऐकू यायचं, असं जेसेल म्हणे. हळूहळू त्या पायऱ्यांवर आठ-दहा जणं जमू लागली.

ऑगस्टमध्ये शाळेनं भाषा महिना साजरा केला. अननसाच्या धाग्याचे पोशाख, बांबूवरचे नाच, आपल्या भाषेवर भाषणं. सप्टेंबर उजाडला आणि मॅम विल्यारुझनी वर्गात एक पुठ्ठ्याची पाटी आणली. तिला सुतळी बांधलेली होती आणि वर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी इंग्रजीत बोलत नाही’. नियम सोपा होता. शाळेच्या आवारात जो इलोंगोत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात पाटी. त्यानं दिवसभरात दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे पाटी, त्यानं वर्ग झाडायचा. आणि शुक्रवारी ज्याच्याकडे राहील, त्यानं सोमवारी सगळ्या शाळेसमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं.

पहिल्या दोन दिवसांत वर्गाची कळाच बदलली. मुलं दारामागे कान लावून उभी राहू लागली. पाय ठेचकाळला तरी माणूस ओरडायचं कोणत्या भाषेत, याचा विचार करी. पायऱ्यांवरची गर्दी ओसरली.

बुधवारी मात्र विहिरीतून हात वर आला. रेलिनला राहवलं नाही. तिनं जेसेलला पायरीवर ओढून बसवलं आणि सांगायला लागली. आधी इंग्रजीतच. पण ती बाई नवऱ्याला म्हणते, ‘मला पाणी गोड लागलं नाही रे,’ ते वाक्य इंग्रजीत कसं सांगणार? रेलिननं ते जसंच्या तसं, इलोंगोत, त्या बाईच्या ओल्या आवाजात म्हटलं. कठड्यामागून ट्रिशा बाहेर आली. सकाळपासून पाटी तिच्याच गळ्यात होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते. तिनं घाईघाईनं सुतळी काढली आणि रेलिनच्या गळ्यात घातली.

‘सॉरी,’ ती इंग्रजीत पुटपुटली.

रेलिनला तिचा राग आला नाही, दया आली. आणि मग राग आला, पण ट्रिशाचा नाही.

त्या दुपारी तिनं वर्ग झाडला. गुरुवारी सकाळी पाटी गळ्यात घालून आली. तिच्या कानावर दिवसभर इलोंगो पडत होतं. कुणी रबर मागत होतं, कुणी शिव्या देत होतं. तिनं कुणालाही पकडलं नाही. दुपारपर्यंत पोरांच्या लक्षात आलं की पाटी एकच आहे, आणि ती रेलिनच्या गळ्यात आहे तोवर कुणाला कसलीच भीती नाही. मग वऱ्हांडे पुन्हा गजबजले. मुलं तिच्या शेजारी येऊन मुद्दाम मोठ्यानं बोलू लागली. पायऱ्यांवर त्या दिवशी पंचवीस जणं होती.

शाळा सुटताना मॅम विल्यारुझनी तिला थांबवलं. आज किती जणांना इलोंगोत बोलताना ऐकलंस, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनाच, रेलिन म्हणाली. मग नावं सांग.

‘नाही सांगणार, मॅम,’ ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली.

शुक्रवारी नानायला बोलावणं गेलं. ती तशीच आली, रबरी बूट घालून, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. मॅमनी सगळं समजावून सांगितलं. मुलगी हुशार आहे, शहरातल्या वार्ताहर स्पर्धेसाठी शाळेनं निवडली आहे, आणि असा हट्ट धरून बसली आहे. नानाय आधी लेकीवरच घसरली.

‘इंग्रजी शिकायलाच धाडलंय ना तुला? मग बोल की मुकाट्यानं.’

‘येतं मला इंग्रजी, नानाय. मी फक्त ही पाटी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही.’

नानायनं लेकीच्या गळ्यातला पुठ्ठा बोटांनी चाचपून पाहिला. मग मॅमकडे वळली.

‘ती चोरी करत असती तर मीच बडवली असती, मॅम. पण चहाडी कर म्हणून कशी सांगू? राहू दे तिच्याच गळ्यात. पुठ्ठ्याला कितीसं वजन असतं?’

आणि पाय आपटत ती कामावर परत गेली. घरी मात्र त्या संध्याकाळी ती लेकीशी बोलली नाही. शाळेतून काढून टाकलं तर काय, हा घोर तिला होताच.

सोमवारी रेलिन व्यासपीठावर चढली. पाचशे मुलं उन्हात उभी होती. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, आणि तिचं इंग्रजी इतकं सफाईदार होतं की मॅम विल्यारुझ मान डोलवू लागल्या. तिनं विहीर सांगितली, तिच्यावरचं शेवाळ सांगितलं, कंदील घेऊन आलेला नवरा सांगितला. वर आलेला हात सांगितला. मैदानात कुणी खोकत नव्हतं. मग ती थांबली.

‘आता ती बाई बोलते,’ ती म्हणाली. ‘पण ती आमच्या वाळवणावरच्या बायकांसारखी बोलते. तिला इंग्रजी येत नाही, आणि तिच्या गळ्यात पाटी घालायची माझी इच्छा नाही. म्हणून माझं भाषण इथं संपलं.’

गळ्यातली सुतळी तिनं काढली, पाटी घडी घालावी तशी मध्ये दुमडली आणि माइकच्या टेबलावर ठेवून खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतून कुणीतरी इलोंगोत ओरडलं, ‘मग पुढे काय म्हणाली ती?’ आणि हसू फुटलं, ते बराच वेळ थांबेना.

मंगळवारी सूचनाफलकावर स्पर्धेची यादी लागली. रेलिनच्या नावावर रेघ होती आणि शेजारी ट्रिशाचं नाव. दोन वर्षं ती त्या स्पर्धेची वाट पाहत होती. एकटीनं बसनं शहरात जायचं, छापखाना बघायचा, हे सगळं तिचं मनात कितीदा करून झालं होतं. ट्रिशा जवळ येऊन उभी राहिली. मी जाणार नाही म्हणून सांगते, असं म्हणाली.

‘जा तू,’ रेलिन म्हणाली. ‘आणि नीट लिही.’

घंटा झाली. मॅम विल्यारुझनी हजेरीचं पुस्तक उघडलं. नवी पाटी टेबलावर तयार होती, सुतळीही नवी होती. नावं एकेक पुढे सरकत होती आणि मुलं इंग्रजीत उत्तरं देत होती. रेलिनचं नाव आलं.

‘अरी,’ ती म्हणाली. मी इथं आहे, असं धक्क्यावर म्हणतात तसं.

मॅमचं पेन थांबलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग रेलिनकडे. ती उभी होती, मान जराशी पुढे करून. मॅमनी नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. ते जेसेलचं होतं.

‘अरी,’ जेसेल म्हणाली.