शमिकाचं न्हाणं

न्हाणीत पाणी उकळू लागलं तशी ऋतिकाने पाळण्याकडे पाहिलं. परवा सासरच्या दारात रिक्षातून उतरताना पाय नुसता मुरडला आणि हाड मोडलं. घसरले म्हणून तिने सांगितलं. आता पाय प्लास्टरमध्ये, आणि दीड महिन्याच्या शमिकाचा पाळणा हाताच्या टप्प्याबाहेर. कालपर्यंत बाळाला ऋतिकाची आई न्हाऊ घालत होती. लेकीला पोचवायला आलेली ती सकाळच्या एसटीने केळशीला परतली.

सासू सगुणा सगळ्या आळीतली बाळं न्हाऊ घालायची. तेलाने रगडून उलटसुलट हातपाय पोटावर जुळवायचे, ओढायचे, शेवटी पाय धरून बाळ उलटं करायचं. देवळातलं एक कीर्तन ती चुकवत नसे. बाळाच्या डोळ्यांतल्या पांढऱ्यात निळसर झाक दिसली, तेव्हा घरात कृष्ण आला म्हणून तिने साखर वाटली होती.

तशीच झाक ऋतिकाच्या डोळ्यांत होती. डॉक्टर म्हणाले होते, ठिसूळ हाडांचा हा आजार आईकडून आलाय, जन्मभर सांभाळायचा. काखेत धरून उचलू नका, पाय ओढू नका. नितेशला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. आईला सांगू नको, ती लग्नाला नाही म्हणेल, असं तोच म्हणाला होता. आता तो बोटीवर, रेंजच्या बाहेर.

सगुणा पदर खोचून आली. तेलाचे हात पाळण्यात गेले.

"आई, थांबा."

"चहा मागाहून देते गो."

"चहा नको. तिला ओढू नका. हाडं मोडतील तिची. माझी मोडतात तशी."

सगुणाने वळून पाहिलं. प्लास्टरकडे, मग डोळ्यांकडे.

"नितेशला ठाऊक?"

ऋतिकाने होकाराची मान हलवली.

"म्हणजे मीच तेवढी परकी." सगुणाने तेलाचे हात पदराला पुसले. "उचलायची कशी हिला?"

ऋतिकाने हवेतच दाखवलं. एक तळहात डोक्यामानेखाली, दुसरा बुडाखाली.

"जन्माच्या कीर्तनात बुवा देवाला पाळण्यात ठेवतात, तशी?"

"तशीच."

सगुणा वाकली. तळहात बाळाखाली गेले आणि थांबले. मासळीची भरली पाटी एकटीने डोक्यावर चढवणारे ते हात एवढंसं वजन उचलायला धजेनात.

"तू उचल गो."

"मला उठता येत नाही, आई."

न्हाणीतलं पाणी उतू जाऊन चुलीत चरचरलं. सगुणाला बाळ उचलवेना, हात काढवेनात. वाकल्या वाकल्याच ती कीर्तनातला पाळणा गुणगुणू लागली.