फोकस पेपरवर

"यातही पेपरच दिसतोय." मुलीने फोटो माझ्याकडे सरकवला. "बाबा, आईचा एक तरी धड फोटो असेल ना?"

बायको जाऊन महिना होत आला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. टेबलावर चार खोकी भरून फोटो होते आणि कपाटात एकेचाळीस जुन्या लेन्स. सगळ्या हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या. नवी लेन्स घरात आली की परीक्षा ठरलेली. हिला खिडकीपाशी उभी करायची, हातात पेपर द्यायचा आणि बारीक अक्षरांवर फोकस धरायचा. अक्षर न् अक्षर वाचता आलं की लेन्स पास. मागे चेहरा विरघळलेला असायचा. तो किती छान विरघळलाय, हे मी मित्रांना कौतुकाने दाखवायचो.

"आली का आणखी एक सवत?" ती म्हणायची. "लवकर उरका, गॅसवर दूध आहे."

कधी म्हणायची, "एकदा माझाही काढा."

"मग हा कोणाचा काढतोय?" मी म्हणायचो.

शेवटी त्यातल्या त्यात बरा फोटो घेऊन आम्ही स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो कॉम्प्युटरवर मोठा केला.

"काका, लेन्स भारी आहे हो. पेपरातली जाहिरातसुद्धा वाचता येतेय."

"चेहऱ्याचं बघा," मुलगी म्हणाली.

"डोळे-नाक बसवून देतो, ताई. अंदाजाने करावं लागेल, पण ओळखू येतील." भुवईपाशी त्याचा हात थांबला. "इथे काहीतरी पांढरट आहे."

"निगेटिव्हवरची धूळ असेल," मी म्हणालो. "पुसून टाका."

मुलगी माझ्याकडे वळली.

"बाबा, ती खूण आहे. तुमच्या लेन्सची पेटी माळ्यावरून काढताना आई स्टुलावरून पडली होती. तीन टाके पडले होते."

"कधी?"

"मी नववीत होते. शेजारच्या काकू तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. तुम्ही पेटी उघडून बघत होतात, काही फुटलं का ते."

स्टुडिओवाला खाकरला. "मग काय करू? पुसू का ठेवू?"

"ठेवा," मुलगी म्हणाली.

त्याने एक खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं. डोळे केवढे, हनुवटी कशी, केस कुठून पांढरे, सगळं तो तिलाच विचारत गेला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.